साहेब जेवायला येणार होते

“माय, कायले एवढे सरगुंडे करून राह्यली? तो मानूस येत नसते.”

देवा ओट्यावर पाठमोरा बसून दाढीला साबण लावत होता. मी चुलीपाशी. सरगुंड्यांचं काम चिवट असतं. कणकेची बारीक दोरी काडीवर गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची आणि मग वाफवायची. उन्हाळ्यात आमच्या वऱ्हाडात पाहुणा आला की आंब्याच्या रसासोबत हेच. माझी दोन ताटं भरून झाली होती.

“येते. त्यायनं सांगितलं होतं.”

“कवा?”

“कवा ते तुले मालूम हाये.”

त्याचा वस्तरा गालावरून खाली आला तेवढा आवाज झाला. मग म्हणाला, “बोली लक्षात हाये ना? आला तर मी सुरतेले जात नाही. नाही आला तर उद्याची गाडी.”

“हाये लक्षात.”

खुंटीला त्याची पिशवी भरून टांगलेली होती. मी सकाळपासून तिच्याकडे पाहायचं टाळत होते.

ते साल मला नीट आठवत नाही, पण तारीख आठवते. एकतीस मे. आमच्या धामणखेडचे ठाणेदार पुंडलिकराव काळमेघ त्या दिवशी निवृत्त होत होते. त्या काळच्या अर्ध्या सरकारी नोकरांची जन्मतारीख एक जून असायची, कारण शाळेत नाव घालताना मास्तर तीच लिहून मोकळे व्हायचे. साहेबही त्यातलेच.

आमच्या गावात ते तीनदा आले. एकदा जमादार म्हणून, एकदा फौजदार म्हणून आणि शेवटी ठाणेदार म्हणून. नाल्याला पूर आला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी खालच्या वस्तीतली म्हातारी माणसं पाठीवर बाहेर काढली. ज्यांच्या घरी लाइट नव्हती ती पोरं ठाण्याच्या मागच्या व्हरांड्यात अभ्यासाला बसायची. साहेबांनी तिथे दोन बल्ब लावून घेतले होते. दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याला ते कोठडीत टाकायचे नाहीत, त्याच्या सासऱ्याला बोलावून घ्यायचे. त्याची दहशत कोठडीपेक्षा जास्त.

एक मात्र होतं. एवढ्या वर्षांत साहेबांनी गावात कुणाच्या घरी घोटभर चहा घेतला नाही. ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्या दारात उद्या समन्स घेऊन कसं उभं राहायचं, असं ते म्हणत. कुणी जेवायला बोलावलं की हात जोडायचे आणि हसून म्हणायचे, “रिटायर झालो की येतो.”

मलाही तेच म्हणाले होते. आठ वर्षांआधी.

किसनराव गावंड्यांच्या मळ्यातली विहिरीवरची मोटार चोरीला गेली होती. देवा तेव्हा एकोणीस वर्षांचा. चोरणारे तिघं, दोन दोस्त आणि हा. दुपारची वेळ होती, देवा नुकताच ताटावर बसला होता, आणि दारात जीप थांबली. साहेब स्वतः आले होते. मी काही रडले-भेकले नाही. एवढंच म्हटलं, “त्याले जेवू द्या.” साहेबांनी टोपी काढली आणि उंबऱ्यावर बसले. देवाला घास उतरत नव्हता. मी भाकरी थापत होते. ताट मांडलेलं असताना दारात माणूस बसलेला. आमच्याकडे अशा वेळी विचारल्याशिवाय राहता येत नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, तुमी पन बसा. दोन घास घ्या.”

बाहेर उभा असलेला शिपाई हसला. साहेब हसले नाहीत. ताटाकडे पाहत म्हणाले, “रिटायर झालो की येतो, बाई.”

देवाला दीड वर्षाची शिक्षा झाली. तो परत आला तेव्हा तुरुंगातल्या कारखान्यात मोटारीचं वायंडिंग शिकून आला होता, पण धामणखेडात कुणी त्याला विहिरीजवळ उभं करत नव्हतं. सायकल मारत तालुक्याला जायचा आणि दुसऱ्याच्या दुकानात बसायचा. माझ्या घरचं तर कुणी खाईना. महालक्ष्म्यांच्या जेवणाला पूर्वी शेजारच्या चार सवाष्णी यायच्या. आता एकीला उपास असायचा, एकीचं डोकं दुखायचं. देवाचे वडील आधीच गेलेले. दोन माणसांनी सोळा भाज्यांचं जेवण जेवायचं, ते कसं लागतं काय सांगू.

म्हणून तो सुरतेला निघाला होता, आणि म्हणून ती बोली. देवाने ती लहान मुलाची समजूत काढावी तशी मान्य केली होती. साहेब येणार नाहीत याची त्याला खात्री होती.

दहाच्या सुमाराला शेजारची गोदाबाई कुंपणापाशी आली. कुंपणाच्या अलीकडे ती यायची नाही, पण पलीकडून बोलायची भरपूर.

“काय वं अनसाबाई, पाहुने येनार हायेत काय?”

“हो. साहेब येनार हायेत.”

“कोन साहेब?”

“काळमेघ साहेब.”

गोदाबाई हसायला लागली. “बाई, तू बी लय भोळी हायेस. साहेब आमच्याकडे जेवनार हायेत आज. माह्या नंदेच्या भांडनात आले होते तवा शब्द देऊन गेले. रिटायर झालो की येतो म्हने. सकाऊनपासून रस काढून राह्यली मी.”

मला साखर कमी पडेल असं वाटलं म्हणून गुलाबचंद शेठच्या दुकानात गेले. शेठ रिकाम्या पोत्यावर बसून टॉवेलने वारा घेत होता.

“साखर नाही, मावशी. सगळ्या गावानं नेली.”

“कायच्यासाठी?”

“साहेब जेवायले येनार हायेत ना.”

“कोनाकडे?”

“ज्याले विचारलं तो म्हनते, आमच्याकडे.” शेठने आवाज खाली केला. “पन खरं सांगू काय, ते आमच्याकडे येनार हायेत. घरात श्रीखंड टांगलेलं हाये. तुमी कोनाले बोलू नका.”

तेव्हा मला कळलं. साहेबांनी आयुष्यभर एकच उत्तर दिलं होतं, नाही म्हणण्यासाठी. आणि गावाने ते ‘हो’ म्हणून जपून ठेवलं होतं, घरोघर, आपापल्यापुरतं. घरी आल्यावर मी देवाला यातलं काही सांगितलं नाही. सरगुंडे वाफवायला ठेवले.

चार वाजता ठाण्याच्या पटांगणात सत्कार होता. मांडव घातलेला. किसनराव गावंडे सत्कार समितीचे अध्यक्ष होते. मोटार ज्यांची गेली होती तेच. माणूस वाईट नव्हता, पण मी समोर आले की खिशातलं काहीतरी शोधायला लागायचा. मी बायकांत मागे उभी राहिले. देवा आला नाही.

शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा बांधला. साहेबांना फेटा मोठा होत होता, तो सारखा कपाळावर उतरायचा आणि ते बोटाने वर सारायचे. किसनराव माइकवर बराच वेळ बोलले. पुराचं बोलले, व्हरांड्यातल्या पोरांचं बोलले. त्यातला एक आता तहसीलमध्ये लागला होता, त्याला उभं करून दाखवलं. शेवटी म्हणाले, “आता कार्यक्रम संपला असं जाहीर करतो. साहेबांचं जेवण आमच्या घरी ठेवलेलं हाये, त्यामुळे—”

“तुमच्या घरी कसं?” मागून कुणीतरी म्हणालं.

“म्हंजे?”

“आमच्याकडे हाये. दोन वर्षं झाली सांगून.”

“अन् आमच्याकडे काय मंग?” हा गोदाबाईचा नवरा. “बायको सकाऊनपासून रसात हात घालून बसली हाये.”

मग मांडवात एकेक माणूस उठायला लागलं. कुणी पुरणाचं सांगितलं, कुणी बासुंदीचं. शिंपी म्हणाला, मी तर पाहुणे बोलावले आहेत साहेब दाखवायला. साहेब खुर्चीवर बसून ऐकत होते. फेटा भुवयांपर्यंत आला होता, तो सारायचंही त्यांना सुचलं नाही.

“साहेब, तुमीच सांगा,” किसनराव म्हणाले. “शब्द कोनाले दिला?”

साहेब उठले. “सगळ्यांनाच दिला,” ते म्हणाले. “आता मागे घेता येत नाही.” मग म्हणाले, “चाळीस वर्षं नोकरी केली. स्वतःच एवढा मोठा गुन्हा करून ठेवलाय हे आज कळलं.”

लोक हसले, पण कुणी खाली बसलं नाही.

माझं मन तिथून उठलं. एवढ्या घरांत माझं घर कुठं येणार. मी गर्दीतून बाहेर पडले आणि घरचा रस्ता धरला. देवाच्या पिशवीत वाटेसाठी थोडे सरगुंडे बांधून द्यावेत, असा विचार करत चालले होते.

पोलिसांत एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्या साहेबाची जीप त्या दिवशी चालू करत नाहीत. पुढे दोर बांधतात आणि हाताखालची माणसं ती ओढत घरापर्यंत नेतात. त्या दिवशी शिपायांनी दोर बांधला खरा, पण तो हातात घेतला गावाने. मी चौकात पोहोचले तोवर मागून गलका आला. वळून पाहिलं तर जीप येत होती, स्टेअरिंगवर साहेबांचा नेहमीचा ड्रायव्हर रहीमभाई, शेजारी साहेब.

चौकात उजवीकडे बाजार, सरळ पोलिसांच्या चाळी आणि डावीकडे आमचा जीनपुरा. जीप तिथे आली आणि थांबली. किसनरावांची माणसं दोर उजवीकडे खेचत होती. शिंपी आणि त्याच्यासोबतचे सरळ खेचत होते. शेठ धोतर सावरत मध्येच लोंबकळत होता.

“अरे, इकडे ओढा.”

“कायले इकडे? रस्ता त्वा बांधला काय?”

“शेठ, तुमी सोडा, तुमच्यानं काई होत नाही.”

“सोडत नसतो. श्रीखंड हाये घरी.”

दोर ताठ झाला होता आणि जीप जागची हलत नव्हती. ही ओढाताण पाहून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी वळले आणि आमच्या उताराला लागले.

पुढचं मला रहीमभाईने नंतर सांगितलं. साहेब त्याला हळूच म्हणाले, “रहीम, डावीकडे घे.”

“साहेब, डावीकडे कोन राहते?”

“घे तर. अन् ब्रेक सोड.”

डावीकडे उतार. चाकं वळली आणि जीप आपोआप निघाली. मागे एकदम आरडाओरडा झाला म्हणून मी बाजूला झाले. इंजिनचा आवाज न करता जीप उतारावरून येत होती आणि दोर धरलेली माणसं तिच्यामागे फरफटत, धावत. सोडायला कुणी तयार नव्हतं. माणसांनी जीप ओढायची, तर जीपच माणसांना ओढत होती.

जीप माझ्याजवळ येऊन थांबली. साहेबांनी फेटा काढून मांडीवर घेतला होता.

“अनसूयाबाई, तुम्ही इथं? मग घरी दार कोण उघडणार?”

“देवा हाये घरी,” मी म्हटलं.

“मग बरं झालं.”

देवा अंगणात बाजेवर बसला होता. दारात तीच जीप पाहून तो उठून उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. आधी मागे नेले, मग पुढे आणले, मग टॉवेल घेतला. साहेब खाली उतरले. कमरेचा पट्टा काढून रहीमभाईजवळ दिला.

“हे धर. चार्ज देऊन झाला, आता मी कोणी नाही.” मग देवाला म्हणाले, “पाणी दे रे पाय धुवायला.”

देवाने त्यांच्या पायावर पाणी घातलं.

साहेब बाजेवर बसले. मी ताट वाढलं, सरगुंडे, वर तूप, वाटीत रस. त्यांनी ताटाकडे पाहिलं.

“हे काय?”

“सरगुंडे, साहेब.”

“चून नाही केलं?”

आमच्याकडे पिठल्याला चून म्हणतात. मी पाहतच राहिले. “आज चून कसं करनार साहेब? तुमी जेवाले येनार अन्—”

“त्या दिवशी चून होतं,” ते म्हणाले. “लसणाची फोडणी दिलेलं. बाजूला भाकर भाजत होती. मी तिथं उंबऱ्यावर बसलेलो, सकाळपासून पोटात काही नाही. ड्युटीवर नसतो तर याच्या ताटातलं उचललं असतं. याचं तर लक्षच नव्हतं जेवणात.”

“मले घास उतरत नव्हता, साहेब,” देवा म्हणाला.

“दिसत होतं ना. म्हणूनच जीव जळत होता. एवढं चांगलं चून वाया चाललं होतं.”

देवाला हसू फुटलं. मी त्याला तसं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी सरगुंड्यांचं ताट झाकलं आणि आत जाऊन चूल पेटवली.

लसूण सोलत असताना बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. दोरवाले कुंपणापाशी दम खात उभे होते. किसनरावांचा आवाज आला.

“साहेब, आमच्यात काय कमी पडलं, सांगा.”

“काही नाही, किसनराव. बसा, दम लागला तुम्हाला.”

“नाही, सांगा तर.”

साहेब म्हणाले, “तुम्ही मला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा तुमच्या बांधाची तक्रार माझ्या टेबलावर होती. शेठनं बोलावलं, तेव्हा दुकानात भेसळीचा तपास चालू होता. यात वाईट काही नाही, माणूस कामापुरतंच बोलावतो. पण या बाईच्या पोराला मी धरून न्यायला आलो होतो, आणि ती मला म्हणाली, तुमी पन बसा. असं मला कुणी म्हटलं नाही. आधी नाही, नंतर नाही.” बाज करकरली. “तुमच्याकडंही येतो. सगळ्यांकडं येतो, आता मला काम काय आहे? पण सुरुवात कुठून करायची, ते ठरलेलं होतं.”

लसूण तेलात पडला. धुरामुळे असेल, मी पदराने डोळे पुसत राहिले.

पीठ भाजून, पाणी घालून, रटरटून, भाकरी टाकून मी बाहेर आले, तर साहेब बाजेवर आडवे होऊन झोपले होते. तोंड जरासं उघडं. देवा शेजारी बसून टॉवेलने माशा हाकत होता. त्याने ओठावर बोट ठेवलं.

“रात्रभर चार्जचे कागद करत होते,” रहीमभाई कुजबुजला. “उठवू नका.”

कुंपणापाशी आता बायकाही आल्या होत्या. साहेब इकडे वळल्याची बातमी लागली तशा आपापली पातेली, गंज, डबे घेऊनच आल्या होत्या. उन्हं कलली होती तरी घाम निघत होता. कुणाला परतही जावंसं वाटेना आणि आत यावंसंही वाटेना.

“रस आंबून जाईन वं,” गोदाबाई म्हणाली, पण हळू आवाजात.

“श्रीखंडाले पानी सुटलं,” शेठ म्हणाला, तोही हळू.

“मंग आत ठेवा ना सावलीत,” देवाने मान न वळवता म्हटलं. “उन्हात कायले उभे राह्यता?”

आधी शेठ आला. श्रीखंडाचं पातेलं त्याने निंबाच्या सावलीत ठेवलं. मग शिंप्याची बायको आली. एकेक भांडं सावलीत येत गेलं आणि भांड्यामागे माणूस. कुणीतरी पत्रावळी आणल्या होत्या, त्या मांडल्या गेल्या, कुणी मांडल्या ते कळलं नाही. मग माझ्या अंगणात सारं गाव कुजबुजत जेवायला बसलं. पुरी मागायची तर बोटाने दाखवायचं. हसू आलं की तोंडावर पदर. देवा माझे सरगुंडे घेऊन पंगतीत वाढत फिरत होता. कुणी नको म्हटलं नाही.

किसनराव शेवटपर्यंत उभे होते. देवा ताट घेऊन त्यांच्यासमोर गेला. किसनरावांनी चपला काढल्या.

“दोनच वाढ,” ते म्हणाले. बसले, एक खाल्ला, आणि पत्रावळीकडे पाहतच बोलले, “वरच्या विहिरीची मोटार पानी फेकून नाही राह्यली. उद्या सकाऊन पाहून जाशीन?”

देवाने माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

“ऊन चढायच्या आत येतो, काका,” देवा म्हणाला आणि पुढच्या पानाकडे वळला.

साहेब उठले तेव्हा पंगत संपत आली होती. एवढी माणसं पाहून ते गडबडले, बाजेवरून पाय खाली सोडून बसले. मी ताट पुढे ठेवलं. भाकर, चून, कांदा. सगळं अंगण त्यांच्या हाताकडे पाहत होतं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, चुनात बुडवला, तोंडात घातला. सावकाश चावला.

“कसं झालं, साहेब?” देवाने विचारलं.

“मीठ घालायचं राहिलंय,” साहेब म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.

पंगत मोठ्याने हसली. मी उठायच्या आत गोदाबाई हात धुऊन उठली आणि माझ्यासमोरून उंबरा ओलांडून थेट स्वैपाकघरात गेली. डबे उघडल्याचे, झाकल्याचे आवाज आले.

“अनसाबाई,” ती आतून ओरडली, “मीठ कुठं ठेवतं वं तू?”

“चुलीमागच्या फळीवर पाह्य,” मी म्हटलं, आणि बसूनच राहिले.